अकरा पद्धती, सहा रकाने आणि एक 'हं'

प्रश्न : एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात. वय ३६, नोकरी चांगली. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांच्या आजारपणापासून नंतरच्या कागदपत्रांपर्यंत सगळं यांनीच निभावलं. गेल्या वर्षभरापासून मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते, छाती धडधडते. 'मी तोंड उघडलं की सगळ्यांना कळेल, हिला फारसं काही येत नाही,' असं वाटत राहतं. त्यापायी चालून आलेली वरची जागा नाकारली. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. दोन महिन्यांपासून एका समुपदेशकांकडे जातात, सहा सेशन झाली. 'माणूस भला आहे, पण नुसतं ऐकतात. मी बोलते, ते "हं" म्हणतात, पाऊण तास संपतो.' त्यांची एक मैत्रीण सीबीटीने (विचार आणि वागणं तपासून बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराने) दहा सेशनमध्ये बरी झाली, तिला गृहपाठ असायचा. थोरला भाऊ म्हणतो, लहानपणाच्या मुळाशी गेल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं मलम. तीन महिने वाचून यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला : अकरा पद्धती आणि सहा रकाने (जनक, वर्ष, तत्त्व, कालावधी, पुरावा, मर्यादा). 'तरी ठरत नाही. यातली सगळ्यात चांगली पद्धत कोणती ते एकदा सांगा, म्हणजे चुकीच्या माणसाकडे आणखी वेळ जाणार नाही.'

उत्तर :

पत्रासोबत तुम्ही तक्ताही पाठवलात. तो मी सावकाश वाचला. खरं सांगते, हा विषय शिकणाऱ्या मुलांच्या हातात द्यावा इतका नीटनेटका आहे. मग पत्र पुन्हा वाचलं. पत्र तीन पानी, त्यातली अडीच पानं पद्धतींवर. वडिलांवर एक ओळ : 'बाबा गेले तेव्हा सगळं मीच सांभाळलं.' पुढची ओळ लगेच सीबीटीच्या पुराव्यावर.

त्या एका ओळीकडे मी परत येणार आहे. आधी तुम्ही विचारलेलं.

सगळ्यात चांगली पद्धत कोणती, हे भांडण जवळपास नव्वद वर्षं जुनं आहे. १९३६ साली सॉल रोझेन्झ्वाइग या तरुण मानसशास्त्रज्ञाने एक छोटासा लेख लिहिला. एकमेकींना खोटं पाडणाऱ्या पद्धती, तरी प्रत्येकीला यश येतं. म्हणजे गुण बहुधा त्यांच्यात जे सामायिक आहे त्याचा असणार, असं त्याचं म्हणणं. त्याला ॲलिसच्या गोष्टीतला डोडो पक्षी आठवला. शर्यत संपल्यावर तो जाहीर करतो की सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस. या वादाला आजही 'डोडोचा निकाल' म्हणतात. पुढे १९५२ मध्ये हान्स आयझेंक यांनी सगळ्यांच्याच बक्षिसावर पाणी ओतलं. न्यूरोसिसचे, म्हणजे भीती-चिंतेसारख्या सौम्य मनोविकारांचे, दोन तृतीयांश रुग्ण उपचार करा न करा, दोनेक वर्षांत सुधारतातच, असा त्यांचा दावा. त्याला भक्कम उत्तर मिळालं १९७७ मध्ये. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र मांडले. थेरपी घेतलेला सर्वसाधारण माणूस, न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या अवस्थेत असतो, असं त्यातून निघालं. पद्धतीपद्धतींमधला फरक मात्र त्या मानाने किरकोळ.

म्हणजे थेरपी चालते, आणि सरासरी काढली तर कुठलीही एक पद्धत बाकीच्यांच्या फार पुढे जात नाही. तुमचा तक्ता सुटत नाही तो म्हणूनच. तुमच्या अभ्यासात खोट नाही, प्रश्नच असा आहे की त्याला एका नावाचं उत्तर नाही.

पण सरासरीवर मी सगळं सोडणार नाही. काही दुखण्यांत फरक पडतो आणि चांगलाच पडतो. कुत्र्याची, उंचीची, सुईची भीती असेल तर त्या भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याला तोड नाही. सारखे हात धुणं, सारखं कुलूप तपासणं, अशा ओसीडीमध्ये भीतीला सामोरं जायचं आणि ती ठरावीक कृती मात्र करायची नाही, हा उपचार नुसत्या बोलण्याहून सरस ठरला आहे. अपघात किंवा अत्याचारानंतर मन तिथेच अडकून पडलं असेल तर त्या आघातावरच काम करणारी सीबीटी आणि आघात आठवताना डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. तुमच्या तक्त्यातली डीबीटी मार्शा लिनेहान यांनी उभी केली ती स्वतःला इजा करण्यापर्यंत पोचणाऱ्या, भावनांचा लोंढा न आवरणाऱ्या माणसांसाठी. फार मोलाचं काम, पण तुमच्या पत्रातलं दुखणं ते नव्हे. ती ओळ तुम्ही आजच खोडू शकता. एक कमी झाली.

बाकीच्यांसाठी तत्त्वं वाचून काही हाती लागत नाही, खोलीत बसून बघावं लागतं. तशी एक सोय झाली होती. १९६४ मध्ये एका बाईंनी कॅमेऱ्यासमोर तीन थेरपिस्टांशी पाठोपाठ बोलायची तयारी दाखवली. समोर कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि आल्बर्ट एलिस, तिघंही आपापल्या पद्धतीचे जनक किंवा जनकांपैकी एक. बाई एकच, तिची अडचण एकच, आणि तीन संवाद इतके निराळे की तीन वेगळ्या माणसांची चित्रफीत वाटावी. आपण तेच तुमच्या एका वाक्यावर करून पाहू. वाक्य तुमचंच : 'मी तोंड उघडलं की सगळ्यांना कळेल, हिला फारसं काही येत नाही.'

सीबीटीवाल्याकडे हे वाक्य बोललात तर बहुधा कागद पुढे येईल. कधी वाटलं हे? मंगळवारी, साडेअकराच्या मीटिंगमध्ये. नेमकं काय चाललं होतं? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मनात काय आलं, भीती शंभरात किती, हे खरं असल्याचा पुरावा काय, नसल्याचा काय? मग एखादा प्रयोग ठरेल. पुढच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारायचा आणि नंतर विश्वासातल्या सहकाऱ्याला विचारायचं की माझा आवाज कापत होता का. तुम्हाला वाटलं होतं ऐंशी टक्के लोकांच्या लक्षात येईल, आणि त्याला तुम्ही बोललात एवढंच आठवतंय. हे गणित कागदावर उतरलं की डोक्यातल्यापेक्षा वेगळं दिसतं. ही पद्धत घडवणारे ॲरन बेक मुळात फ्रॉइडच्या परंपरेतले मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हा सिद्धान्त पक्का करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. रागाऐवजी त्यांना सापडलं हरणं आणि गमावणं. आणि एका रुग्ण स्त्रीशी बोलताना कळलं की ती जे सांगते त्याच्या मागे आणखी एक धावता विचार चालू आहे : 'डॉक्टरांना माझा कंटाळा येतोय.' हे आपोआप येणारे विचार पुढे त्यांच्या उपचाराचा पाया झाले. तुमच्या सहा सेशनमध्ये असा कुठला विचार मागे चालू असतो का, ते मनाशी बघा.

एलिसच्या पठडीतला माणूस पुरावा मागण्यात वेळ घालवणार नाही. 'बरं, कळलं समजा सगळ्यांना. मग?' असं तोंडावर विचारेल. त्याची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत पूर्वीपासून ओळखीची आहे. तिचा सारा रोख आपण स्वतःवर लादलेल्या सक्तीवर असतो, आणि ही सक्ती आपल्या भाषेत एका अक्षरात मावते : 'च'. 'मला नीट बोलता यावं' ही इच्छा झाली. 'मला नीट बोलता आलंच पाहिजे' हा हुकूम झाला. एक दिवस स्वतःच्या बोलण्यातले 'च' मोजून बघा, मी एकदा मोजले होते आणि दुपारीच सोडून दिलं. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात बाकावर जाऊन बसायचं आणि शेजारच्या बाईशी बोलायचं, असं करत महिन्याभरात त्यांनी शंभरावर बायकांशी बोलायचा प्रयत्न केला. भेटीची वेळ ठरली ती एकीशी, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. ही गोष्ट ते आयुष्यभर सांगत. हा खाक्या सगळ्यांना मानवत नाही. ज्याला घरी आयुष्यभर 'त्यात काय एवढं' हेच ऐकावं लागलं, त्याला हा तोच आवाज पुन्हा वाटू शकतो.

निखळ वर्तनोपचार करणारा विचारांच्या वाटेला फारसा जाणारच नाही. तो तुमच्याबरोबर शिडी मांडेल. सगळ्यात खालची पायरी म्हणजे दोघांसमोर एक वाक्य बोलणं, सगळ्यात वरची म्हणजे अख्ख्या विभागासमोर अर्धा तास. याचं मूळ १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी केलेल्या कामात आहे. तीनेक वर्षांच्या एका मुलाला सशाची भीती वाटायची. तो त्याचा आवडता खाऊ खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणायचा, मग रोज थोडा जवळ. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. ती भीती आली कुठून, याची चौकशी त्यासाठी करावी लागली नाही.

भावाला हे पटणार नाही. त्याच्या मनातली खोली मनोविश्लेषणाच्या परंपरेतली. तिथे प्रश्न येईल तो 'सगळ्यांना' या शब्दावर. हे सगळे म्हणजे कोण? त्यांचा चेहरा कोणासारखा? काही येत नाही हे पहिल्यांदा कोणासमोर उघडं पडलं होतं? उत्तराची घाई नसते. मध्ये शांतताही असते, आणि ती ओशाळवाणी वाटली तर त्या ओशाळण्याचाही विचार होतो. तुम्ही थेरपिस्टशी जसं वागता त्यात जुन्या नात्यांचे वळसे उमटतात, असं ही परंपरा मानते. आठवड्यातून चारपाच दिवस कोचावर आडवं होणं हे चित्र आता मागे पडलं आहे. समोरासमोर बसून, आठवड्यातून एकदा, ठरावीक महिन्यांत संपणारे प्रकारही रूढ आहेत आणि त्यांच्यामागे संशोधनही आहे. गंमत अशी की 'बोलण्याचा उपचार' हा शब्द फ्रॉइड यांचाही नाही आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी ब्रॉयर यांचाही नाही. तो ब्रॉयर यांच्या एका रुग्ण स्त्रीने काढला, जिची हकिगत त्या दोघांच्या १८९५ च्या ग्रंथात आहे. या विद्येला नाव दिलं ते खुर्चीच्या या बाजूच्या बाईने.

आणि रॉजर्स. तुमच्या समुपदेशकांची बैठक बहुधा इथली आहे. रॉजर्सच्या खोलीत तुमच्या त्या वाक्यावर असं काहीसं येईल : 'म्हणजे बोलणं हे जणू पकडलं जाण्यासारखं आहे.' प्रश्न नाही, गृहपाठ नाही. हे ऐकून तुम्ही म्हणाल, 'हो... पकडलं जाणं. अगदी तेच.' किंवा म्हणाल, 'नाही, पकडलं जाणं नाही, एकटं पडणं.' दोन्हीत तुम्ही एक पाऊल आत गेलेल्या असता. 'हं' हा या पद्धतीचा फक्त आवाज, काम असतं ते आधीच्या आणि नंतरच्या ऐकण्यात. तेही ऐन वेळी सुचेल तसं चालत नाही. रॉजर्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सेशन ध्वनिमुद्रित करून शब्दन् शब्द तपासायला घेतले होते. बंद दाराआडचं काम असं उघड्यावर आणणं तेव्हा मोठं धाडस होतं. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, विनाअट स्वीकार आणि खरेपणा एवढं मिळालं की माणूस आपला आपण बदलतो, असं त्यांनी १९५७ मध्ये मांडलं. एवढंच पुरतं का, यावर मात्र वाद आहे. माझ्या मते काहींना पुरतं. काहींना त्याबरोबर हातात धरायला काहीतरी लागतं, आणि तुम्ही पत्रावरून दुसऱ्या जातीच्या वाटता.

उरलेल्या पद्धतींवर मी वेळ घालवत नाही. भीती घालवायच्या मागे न लागता तिला बरोबर घेऊन हवं ते करायला शिकवणारी एसीटी तुम्हाला रुचेल असं वाटतं. कुटुंबोपचाराला घरचे लागतात, आणि तुमची अडचण आत्ता कचेरीत आहे. पण एक गोष्ट खटकली. अकरांत एक पद्धत नाहीच, आणि तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा तीच आठवली. जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी घडवलेला, नातेसंबंधांवर काम करणारा उपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून आयपीटी. मूळ नैराश्यासाठी, बारा ते सोळा आठवड्यांचा. तो सुरुवातीलाच विचारतो की हा त्रास सुरू झाला तेव्हा तुमच्या माणसांमध्ये काय घडत होतं, आणि चारांपैकी एक धागा धरतो : कुणाचा मृत्यू, कुणाशी झगडा, आयुष्यातल्या भूमिकेतला बदल, किंवा एकटेपण. तुमच्याकडे पहिला आणि तिसरा दोन्ही आहेत. लेक होतात, मग शुश्रूषा करणाऱ्या झालात, मग सगळे कागद हाताळणाऱ्या. आणि वर्षभराने, सगळं आवरल्यावर, आवाज जायला लागला. याचा त्याच्याशी संबंध असेलच असं मी इतक्या दुरून म्हणणार नाही. पण पत्रात या दोन गोष्टींमध्ये तुम्ही एकही दुवा जोडलेला नाही, आणि इतका नीट तक्ता करणाऱ्या बाईच्या हातून तो राहून जावा याचं मला नवल वाटलं.

म्हणून माझं मत विचाराल तर असं. मीटिंगची भीती हीच मुख्य अडचण असेल तर सीबीटी, आणि तीही नुसत्या कागदावरची नव्हे, प्रत्यक्ष बोलायला लावणारी. कारण समाजात वावरण्याच्या भीतीवर तिचा पुरावा सगळ्यांत दणकट आहे. पण पहाटे तीनला जाग येते तेव्हा मनात मीटिंग नसून बाबा असतील, तर शोकावर काम आधी. तेव्हा मनात कोण असतं, हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

आता भावाचं 'मूळ'. तण उपटताना मूळ राहिलं की पुन्हा उगवतं, ही उपमा इतकी पटते की ती फक्त उपमा आहे हे आपण विसरतो. मनाच्या बाबतीत ती सरसकट लागू होत नाही. त्या ससा-घाबऱ्या मुलाचं मूळ कोणी खणलं नव्हतं. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने सीबीटीचे भाग सुटे करून पाहिले. नैराश्यात माणसाला पुन्हा कामाला, लोकांत, दिनक्रमात आणणारा भाग एकटाही संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडला. खोलवरच्या समजुतींना हात न लावता. उलट कारण तोंडपाठ असूनही जागचे न हललेले लोक मला पुष्कळ भेटले आहेत. भावाचं म्हणणं खरं ठरतं ते वेगळ्या परिस्थितीत : तोच प्रकार नोकरीत, लग्नात, मैत्रीत, माणसं बदलली तरी पुन्हापुन्हा घडत असेल तर. तेव्हा खणण्याला अर्थ आहे आणि त्याला वेळ द्यावा. तुमचा त्रास वर्षाचा आहे. आधीच्या पस्तीस वर्षांत तुम्ही मीटिंगमध्ये बोलत होतात ना?

मैत्रिणीचा आनंद आहे, पण ती कशासाठी गेली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिचा त्रास वेगळा असेल तर तिचं दहा सेशनचं माप तुम्हाला बसेलच असं नाही. शिवाय संशोधनात पुन्हापुन्हा दिसतं की एकाच पद्धतीच्या दोन थेरपिस्टांमधलं अंतर दोन पद्धतींमधल्या अंतराहून जास्त निघू शकतं. बरेच जण आज मिसळूनच काम करतात. म्हणून नवीन कुणाकडे गेलात तर 'तुमची पद्धत कोणती' यापेक्षा हे विचारा : 'माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही नेमकं काय करता? पहिल्या महिन्यात काय होईल? उपयोग होतोय की नाही हे आपण कशावरून ठरवायचं?' शिक्षण कुठे झालं आणि स्वतःच्या कामाबद्दल कुणा ज्येष्ठाचा सल्ला घेता का, हेही विचारायला लाजू नका. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

पण हे नवीन माणसाबद्दल झालं. मला वाटतं, तुमचं खरं काम जुन्या माणसाकडे अडलंय.

१९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन यांनी थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले, आणि ते कुठल्याही पद्धतीला लागू पडतात. कुठे जायचं यावर दोघांचं एकमत, तिथे जायला काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांबद्दल जिव्हाळा. तुमच्याकडे तिसरं आहे, 'माणूस भला आहे' हे तुम्हीच लिहिलंत. पहिली दोन मात्र सहा सेशनमध्ये कुणी उच्चारलेलीच नाहीत असं दिसतं. ती उच्चारणं आधी समुपदेशकांचं काम, हे मान्य. पण तुम्ही त्यांना सांगितलंय का, की मला यातून काही मिळत नाहीये?

मी तिशीत असताना एका बाईंकडे जायचे. चौथा महिना. त्या फार बोलत नसत. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना टक असा आवाज करायचा आणि मी तो मोजत बसायचे. दोन वेळा न कळवता दांडी मारली. तिसऱ्या वेळी, निघायला पाच मिनिटं उरली असताना, बॅगेचा बंद कुरवाळत म्हटलं, 'मला वाटतं, मी येणं थांबवावं. इथे काही होत नाही.' त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, 'बरं झालं बोललात. मला वाटत होतं, तुम्हाला शांतता हवी आहे.' चार महिने आम्ही दोघी एकमेकींसाठी गप्प बसलो होतो! पुढच्या आठवड्यापासून पहिली दहा मिनिटं ठरवण्यात जायला लागली, आज कशावर बोलायचं ते. मी पुढे वर्षभर गेले. असे बेबनाव मिटवता आले तर उपचाराला बळच मिळतं, असं अभ्यासही सांगतात.

त्यांना काय म्हणायचं हे सुचत नसेल तर हे वाक्य घ्या, जसंच्या तसं : 'सहा सेशन झाली. मला तुमच्याशी बोलायला बरं वाटतं, पण मी कुठे चालले आहे ते कळत नाही. मला मीटिंगमध्ये पुन्हा बोलता यायला हवंय. त्यासाठी आपण काय करू शकतो?' मग त्यांचं उत्तर नीट ऐका. ते थांबून विचारतील, काही सुचवतील, किंवा 'अशा त्रासावर माझा हात बसलेला नाही, मी तुम्हाला दुसरं नाव देतो' असं म्हणतील, तर तिन्ही उत्तरं चांगली. 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' एवढंच म्हणून विषय बदलला किंवा तुमच्या तक्रारीवर तुम्हीच दोषी ठरलात, तर आणखी दोनतीन सेशन बघून निरोप घ्या. तेवढीही वाट न बघता निघायचं ते वेगळ्या कारणांसाठी : तुमची गोष्ट बाहेर सांगितली, खात्रीशीर बरं करण्याचा शब्द दिला, स्वतःचीच रडगाणी गायली, किंवा नातं खोलीबाहेर न्यायचा प्रयत्न केला. त्यात बदल घडायची वाट बघायची नसते. उपचाराने काही जणांचा त्रास वाढतो हेही खरं आहे, आणि थेरपिस्टांना ते वेळेवर ओळखता येतंच असं नाही. म्हणून दर दोन आठवड्यांनी झोप, भीती आणि टाळलेल्या मीटिंग यांचे आकडे लिहून त्यांना दाखवा. आकडे मांडण्यात तुमचा हात कोण धरणार?

एक रुक्ष गोष्ट. छातीची धडधड आणि पहाटेची जाग यांसाठी डॉक्टरांना एकदा दाखवा. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन असल्या साध्या गोष्टी तपासून मोकळं व्हावं. गरज पडली आणि मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुचवलं तर थेरपीबरोबर ते घेता येतं, दोन्हींचं वैर नाही. आणि हे वाचणाऱ्या कुणाला जगणंच नको वाटत असेल, तर पद्धत निवडत बसू नका. आजच्या आज जवळच्या माणसाला सांगा, मदतवाहिनीला फोन करा किंवा रुग्णालय गाठा.

आता तक्त्याबद्दल, आणि हे वाचून रागावलात तरी चालेल. तीन महिने तुम्ही तो करत होतात, आणि त्याच तीन महिन्यांत मीटिंगमध्ये गप्प होतात. पुरेसं वाचून झालं की ठरवेन, पुरेशी तयारी झाली की बोलेन. ही दोन वाक्यं मला एकाच घराण्यातली वाटतात. बाबांच्या वेळी याच गुणाने सगळं तडीला गेलं असणार : याद्या, फायली, फोन, तारखा. तेव्हा रडायला सवड मिळाली होती का?

पुढच्या सेशनला तक्ता छापून न्या. सहा रकाने आहेत, सातवा आखा आणि त्याला 'मी' एवढंच नाव द्या. अकरा ओळींसमोर तो रिकामाच राहील, राहू द्या. समुपदेशकांच्या समोर ठेवा आणि सांगा की हे मी तीन महिने करत होते. या वेळी ते नुसतं 'हं' म्हणाले, तर मला पुन्हा पत्र लिहा.